पॉलिसीत न बसणारी मालिश

"मॅडम, मालिश पॉलिसीत बसती का?"

सुनील टेबलासमोर उभा होता. फाइल डाव्या हातात, उजवा हात नुसता लोंबत होता.

"नाही बसत," मी म्हणाले. "फिजिओथेरपी बसते. जातोयस ना?"

"न्हाई."

मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत एचआरमध्ये आहे. कामगारांच्या मेडिक्लेमचं काम माझ्याकडे असतं. सुनील भांडगावचा, आमच्या प्लांटवर ऑपरेटर. मोटारसायकल घसरून त्याच्या खांद्याचा टेंडन तुटला. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी. दौंडला ऑपरेशन झालं, क्लेमही पास झाला.

लोकांना वाटतं, डिस्चार्ज मिळाला की विमा संपला. तसं नसतं. आमच्या पॉलिसीत पुढचे दोन महिने त्याच आजाराचा उपचार मिळतो. त्याला पोस्ट-हॉस्पिटलायझेशन म्हणतात. फिजिओ त्यात येते, पण सर्जनने लिहून दिलेली हवी, करणारा नोंदणीकृत हवा आणि पक्कं बिल हवं. मालिश यातल्या कशातच बसत नाही. तिने बरं वाटतं की नाही, हा विमा कंपनीच्या दृष्टीने प्रश्नच नाही.

निम्म्याहून जास्त मुदत संपली होती. शिवाय कंपनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हात डोक्याच्या वर गेल्याशिवाय कामावर घ्यायचं फिटनेस सर्टिफिकेट नाही. रिअ‍ॅक्टरचे वरचे व्हॉल्व्ह हाताने फिरवावे लागतात. प्लांट हेड सकाळीच माझ्याकडे येऊन गेले होते.

"मी जागा किती दिवस रिकामी ठेवू? जमत नसेल तर त्याला गेटवर बसवा."

"सर, त्याने बारा वर्षं प्लांट चालवलाय."

"म्हणून तर विचारतोय. नाहीतर विचारलंही नसतं."

हे मी सुनीलला सांगितलं. तो खुर्चीवर बसला.

"वडगाव रासाईला मालिश करणारे चाचा हायेत, त्यांचा हात चालू हाय, मॅडम. मधीच दुसरा हात लागला की गुण जातो."

"असं चाचा म्हणाले?"

"ते कशाला म्हणत्यात? समद्यांना म्हाईत असतं."

"मग त्यांचं संपणार कधी?"

"नारळ दिल्यावर."

चाचा पैसे घेत नाहीत. उपचार संपला की माणसाने एक नारळ न्यायचा, एवढीच पद्धत.

"मग दे की नारळ."

"त्यांनी म्हणल्याबिगर कसा द्यायचा? त्यांना वाटंल, ह्याला गुण न्हाई आला. आन् तेलबी त्यांचंच जातंय. म्हणून म्हणलं, कंपनीनं काय दिलं तर बघावं."

रविवारी मी त्याला गाडीत घालून वडगाव रासाईला गेले. चाचांचं शिलाईचं दुकान आहे. शिवणयंत्र भिंतीला सरकवून तिथेच ते लोकांचे हातपाय चोळतात. मी आल्याचं कारण सांगितलं.

"चाचा, याचं अजून किती दिवस चालेल?"

"माझं काम कवाच झालं, बाई. सूज उतरली तवाच."

"मग रोज चोळता कशाला?"

"हा रोज येतोय. दारात आलेल्याला जा कसं म्हणायचं?"

सुनील पुटपुटला, "मला वाटलं, तुम्ही नारळाचं सांगाल."

"नारळ कुणी मागून घेतंय व्हय रं? मी म्हणलं, गड्याला आमच्याकडचा चहाच गोड लागतोय."

दोघं एकमेकांचा मान राखत होते आणि इकडे मुदत सरत होती. समोरच्या दुकानातून सुनील नारळ घेऊन आला. चाचांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"आता दवाखान्यात जा. हात वर न्यायचं काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

सोमवारी सर्जनची चिठ्ठी घेतली आणि दुपारपासून दौंडला फिजिओ सुरू झाली. दोन दिवसांनी सुनीलचा फोन आला.

"मॅडम, चाचांकडं झोप लागायची. हितं घाम फुटतोय."

"घाम पॉलिसीत बसतो. जात राहा."

पहिल्या तपासणीत हात कानापर्यंतच गेला. डॉक्टरांनी फिटनेस दिलं नाही. प्लांट हेडना मी अजून थोडी मुदत मागितली. त्यांनी कुरकुरत दिली. दरम्यान पॉलिसीची मुदत संपली, तेव्हा शेवटच्या काही दिवसांच्या फिजिओचा खर्च सुनीलनेच केला. दुसऱ्या तपासणीत हात वर गेला आणि तो प्लांटवर रुजू झाला. फिजिओचं जेवढं मुदतीत बसलं तेवढं विमा कंपनीने दिलं. तेलाबद्दल मी विचारलंच नाही.

ऑपरेशन झालेला कामगार आला की पूर्वी मी आधी पॉलिसीचे नियम सांगायचे. आता आधी विचारते, चोळायला कुणाकडे जातोस, आणि आता मालिश बंद करायचीय हे त्यांना सांगितलंस का? भिडेपायी माणसं थांबतात. पॉलिसीची मुदत थांबत नाही.