तिला दुपारी बोलावलं

आमच्या गावात मी शिवणवर्ग चालवते. जुन्नरच्या पूर्वेला, बागायती पट्ट्यातलं गाव. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत सहा मशिनी आहेत. सकाळी दहा ते एक मुली येतात.

ती आली तेव्हा वीस वर्षांची असेल. सतराव्या वर्षी द्राक्षांच्या छाटणीला आलेल्या टोळीतल्या एका मुलाबरोबर ती सुरतेला निघून गेली होती. तीन वर्षांनी एकटीच परतली. वडील मेंढरं राखायचे. त्यांनी तिला घरात घेतलं, गावानं काही घेतलं नाही. ती नळावर आली की बायकांचं बोलणं थांबायचं.

मी स्वतः तिच्या घरी जाऊन तिचं नाव वर्गात घातलं. त्याचा मला अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्याच दिवशी चार आया माझ्या दारात. "बाई, ती बसणार आसंल तर आमच्या पोरी न्हाई यायच्या." मी समजावलं, चिडले आणि शेवटी घाबरले. मुलीच आल्या नाहीत तर वर्ग बंद पडेल, ही भीती. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं.

"तू दुपारी दोनला येत जा. सगळ्या गेल्यावर."

"म्हंजे त्यांच्यात बसायचं न्हाई?"

"थोडेच दिवस गं."

"बरं," ती म्हणाली.

ते थोडे दिवस चार महिने चालले. मळ्यातून उन्हाची चालत यायची, घोटभर पाणी प्यायची आणि मशिनीवर बसायची. हात फार साफ होता तिचा. ब्लाउजची बाही चुणी न पडता बसवायला इतरांना महिना लागला, तिनं दोन दुपारींत बसवली. उद्यापासून हिला सकाळीच बसवायचं, असं मी कितीदा ठरवलं. बसवलं नाही.

प्रमाणपत्रं वाटायला तालुक्याहून पाहुणे आले. तिला मी मुद्दामच कळवलं नव्हतं, तिचं प्रमाणपत्र नंतर घरी नेऊन देणार होते. पण तिला कुठून तरी कळलं. स्वतः शिवलेला पोपटी ड्रेस घालून ती दारात येऊन उभी राहिली. एक आई मोठ्यानं म्हणाली, "हिला कुनी बोलावलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तिनंही. 'मी बोलावलं' एवढंच म्हणायचं होतं. मी हातातली यादी वाचत राहिले. मान वर केली तेव्हा ती गेली होती.

आठ दिवस तिच्या घरी जायचं धाडस झालं नाही. गेले तेव्हा कळलं, ती दोन दिवसांपूर्वीच सकाळच्या एसटीनं निघून गेली. कुठं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फोन बंद. तिच्या आईनं घोंगडी टाकली, चहा ठेवला.

"तुमच्यावर लई जीव व्हता तिचा," आई म्हणाली. "म्हनायची, बाकीच्या पोरी गर्दीत शिकत्यात, मला बाई एकटीला येगळं शिकवत्यात."

खरं काय ते मला सांगता आलं नाही. चहा पिऊन उठले.

याला दोन वर्षं झाली. तिचा पत्ता नाही. वर्ग चालू आहे, सहाही मशिनी भरलेल्या असतात. परवा कानावर आलं, गावातली आणखी एक मुलगी अशीच पुण्याहून परत आलीय. तिच्या घरी मी अजून गेलेले नाही.