कोरड्या ओढलेल्या गाठी

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठ गेली तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ते पंचवटीतल्या भाजी मार्केटात हमाल होते. टोमॅटोचे क्रेट गाडीवर चढवताना एक दिवस पाठीत काहीतरी सरकलं आणि चौघांनी त्यांना रिक्षात आडवं घालून नाशिक रोडला घरी आणलं. तेव्हापासून ते खाटेवर. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, उचलायचं नाही. आयुष्यभर फक्त उचलणंच केलेल्या माणसाला असं सांगितलं की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. अण्णाही तसेच पडून राहिले.

आमची खोली एकच. त्यात खाट, शेगडी, मोरी आणि माझ्या पुस्तकांची पत्र्याची पेटी. आई दोन घरची धुणीभांडी करायची, ती चार घरची करू लागली. धुण्याच्या पावडरीनं तिच्या बोटांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं, मग दोन घरांनी तिला नको म्हटलं. त्या दिवसांत आम्ही उपाशी झोपलो नाही, पण पोट भरलं असंही कुणी म्हणत नव्हतं. भाकरी असायची. तिच्यासोबत काय, हे रोज ठरायचं.

राहिलेल्या दोन घरांपैकी एक होतं कोकणातल्या काकूंचं. त्यांचे यजमान नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, म्हणून त्या नाशिकला. माहेर मालवणकडचं. तिकडे त्यांच्या भावाचं गळ-दोऱ्याचं दुकान होतं. होडीतून खोल समुद्रात जाऊन तळाचे मोठे मासे गळाला लावणारी माणसं असतात, काही पोटासाठी, काही हौसेखातर. त्यांना तयार बांधलेले गळ लागतात. एका जाड दोऱ्यावर तीन फांद्या, प्रत्येक फांदीला एक गळ. दुकानात त्याला 'सेट' म्हणायचे. तिकडे बांधायला माणसं मिळेनात, म्हणून काकूंनी आईला विचारलं. काम काय आहे हे ऐकायच्या आधीच आई हो म्हणाली.

मी तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. आईनंही नाही. आईचं माहेर-सासर दोन्ही नांदगाव तालुक्यातलं, जिथं तळ्यात पाणी असलं तरच मासा. आणि आमच्या घरात तोही येत नसे, कारण आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

काकूंनी त्यांच्या ओट्यावर बसून शिकवलं. दोरा नायलॉनचा, त्याला त्या तंगूस म्हणायच्या. वरच्या टोकाला पितळी फिरकी, म्हणजे मासा गरगरला तरी दोऱ्याला पीळ पडत नाही. खालच्या टोकाला शिसं अडकवायला फास, आणि तो मुद्दाम बारीक दोऱ्याचा. "खडकात शिसं अडकलं तर तेवढंच तुटून जाऊ दे. बाकी सगळं वर आलं पाहिजे," काकू म्हणाल्या. मध्ये तीन फांद्या, एकीचा गळ दुसरीपर्यंत पोचणार नाही एवढ्या अंतरावर, नाहीतर पाण्यात गुंता होतो.

"आता फांदीची गाठ बघ," त्या म्हणाल्या. "असा फास घ्यायचा, त्यालाच सात वळसे. मधोमध भोक राहू दे. त्या भोकातून फास वर काढायचा, दातात धरायचा, चांगली थुंकी लागू द्यायची नि दोन्ही टोकं दोन हातांनी ओढायची. कचकन नको. हळू." त्यांनी ओढलं. गाठ मणक्यांसारखी एकावर एक बसली. "जमेल?"

"जमेल की," आई म्हणाली. पण तिचं लक्ष काकूंच्या दातांकडे होतं.

घरी येताना रस्त्यातच म्हणाली, "मासे मारायचा दोरा मी तोंडात घालू? आणि त्याच तोंडानं देवाचं नाव घेऊ?"

"मग बांधायचं तरी कशाला?"

"बांधणं हातांचं काम हाय. हात धुता येतात."

 

तिनं तोड काढली. खिडकीच्या चौकटीला एक खिळा होता, त्याला कॅलेंडर टांगलेलं. कॅलेंडर खाली उतरलं आणि दाताचं काम खिळ्याकडे गेलं. फास खिळ्यात अडकवायचा आणि टोकं ओढायची. खिळा एकच, कारण घरमालकाची सक्त ताकीद होती की दुसरा ठोकला तर खोली खाली करा. त्यामुळे वाटणी आपोआप झाली. आई खाली बसून वळसे घालणार, मी खिळ्यापाशी उभी राहून ओढणार आणि मग गळ बांधणार. तोंडाबद्दल काकूंना सांगायचं नाही, हे न बोलता ठरलं.

तयार सेट खोलीभर दोरीवर लटकायचे. मोरीत जायचं तर वाकून, शेगडीपाशी जायचं तर तिरकं होऊन. एकदा मी पटकन वळले आणि वेणीत गळ रुतला, त्याच्याबरोबर आणखी दोन सेट आले. ओढावं तितकं घट्ट बसत गेलं.

"आई, सोडव ना."

"हलू नको. चौथा वळसा हाय. मोजणी चुकंल."

ती फांदी संपवून उठेपर्यंत मी दावणीला बांधल्यासारखी उभी. खिडकीतून स्टेशनवरची गाडीची घोषणा ऐकू येत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार, हे मला तेव्हा पाठ झालं होतं. गाडीत मात्र बसायचं नव्हतं.

कॉलेजला जायला दीड तास लागायचा, यायला दीड तास. म्हणजे खिळा तेवढा वेळ रिकामा. आधी मी फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी जायला लागले, मग त्यातलेही काही दिवस सुटले. नोट्सचे फोटो मोबाइलवर यायचे. मोबाइल खिडकीच्या गजात खोचून मी ओढता ओढता वाचायचे. पान सरकवायला बोट लागतं आणि बोटांवर दोऱ्याच्या चिरा. स्क्रीनवर रक्ताचा डाग पडला की तो पदरानं पुसून आई म्हणायची, "कॉलेज कुठं पळून चाललंय?" ती वाईट नव्हती. तिला खरंच वाटायचं की कॉलेज हे देवळासारखं असतं, कधीही जा, उघडंच.

अण्णा भिंतीकडे तोंड करून असायचे. कधीतरी म्हणायचे, "बायकांनी गळ बांधावेत आणि बापानं पडून राहावं, झालं." आई म्हणायची, "मंग उठा." 

असं वर्ष गेलं. तिसऱ्या वर्षाची शेवटची परीक्षा जवळ आली. आणि काकू स्वतः चालत आमच्या खोलीवर आल्या. बरोबर रिक्षावाला, त्याच्या खांद्यावर पोतं.

"सगळे परत आलेत," त्या दारातूनच म्हणाल्या. आत यायला जागाही नव्हती म्हणा. "या महिन्याचे आणि शेल्फवर होते तेवढे सगळे. जाड दोऱ्यावर चाललं इतके दिवस, आता फांद्यांचा दोरा बारीक झाल्यावर उघडं पडलं. मोठा मासा लागतो, अर्ध्यावर येतो नि गळासकट जातो. भाऊ माझा फोनवर रडायचा बाकी."

"वहिनी, सात वळसे मोजून घातलेत," आई म्हणाली.

"वळसे आहेत गो. सुटत नाहीत ते. गाठीतच तुटतंय. अस्सं." त्यांनी पोत्यातला एक सेट काढून फांदी झटक्यानं ओढली. ती तुटली. तो आवाज मला अजून आठवतो, वाळलेली काडी मोडावी तसा. "आठ दिवसांत सगळे नवे करून द्या. नाही जमलं तर तो दुसरीकडे देतोय काम. मी तरी कितीदा शब्द टाकू?"

त्या आठ दिवसांतल्या पाचव्या आणि सहाव्या दिवशी माझी शेवटची प्रॅक्टिकल होती.

काकू गेल्यावर आईनं पोतं उपडं केलं आणि ढिगाकडे बघत म्हणाली, "यंदा राहू दे परीक्षा. पुढच्या साली दे."

"पुढच्या साली काय वेगळं असणारंय?"

 आमच्या नात्यात 'पुढच्या साली' म्हणून घरी बसलेल्या तीन मुली आहेत. तिघींना आता मुलं आहेत. मला कळत होतं की या आठ दिवसांत मी घरी राहिले तर मी कायमची राहिले. आणि गेले तर चूल मी विझवली, असं होणार. दोन्हीकडून बाहेर पडायला वाट नव्हती.

मी तुटलेली फांदी उजेडात धरली. गाठीजवळ दोरा पांढरा पडला होता, केसासारखा वळलेला. काकूंसारखेच वळसे, तोच दोरा, तेच गळ. फरक एकच होता. तीन वर्षं विज्ञान शिकले होते, एवढं तरी यायलाच हवं होतं मला.

मी एक गाठ नेहमीसारखी खिळ्यावर ओढली. दुसरी गाठ आईच्या समोर तोंडात धरली, ओली केली आणि मग ओढली. चव रॉकेलसारखी होती. आई बघत राहिली. मी पहिला दोरा खिडकीच्या गजाला बांधला, गळात बादलीची कडी अडकवली आणि मग्गानं पाणी ओतायला लागले. बादली अर्धी झाली नाही तोच टक् आणि पाणी खाटेखाली.

"पूर आणला काय गं?" अण्णा ओरडले.

दुसऱ्या दोऱ्यावर बादली काठोकाठ भरली. वर मी वरवंटा ठेवला. तरी धरून होती.

"कोरडा ओढला की दोरा दोऱ्यावर घासून तापतो," मी म्हटलं. "आतून जळतो. दिसत नाही."

आईनं बादलीला हात लावून बघितला. मग म्हणाली, "थुंकीच पायजे का? पाणी नाय चालत?"

मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघितलं. "चालतं की."

"मंग तोंडात कशाला घातलास? जा, चूळ भर आधी."

मोरीत चूळ भरताना मला हसू आलं आणि रडूही. पोतंभर काम वाटीभर पाण्यावाचून वाया गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आईनं स्वतः काकूंना सगळं सांगितलं, माळेसकट. काकू म्हणाल्या, "अगो, मग तेव्हाच नाही बोलायचं? मी तरी कुठे म्हटलं थुंकीच हवी म्हणून!" पण आठ दिवसांचे नऊ झाले नाहीत.

खिळ्याशेजारी पाण्याची वाटी आली. चार दिवस आम्ही दोघी उजाडल्यापासून बांधत होतो. जुने गळ कापून काढायचे, फिरक्या सोडवायच्या, नवीन दोरा लावायचा. चौथ्या दिवशी दुपारी निम्मे व्हायचे होते.  आई माझ्याकडे बघत नव्हती, त्यावरून परीक्षेचं काय, ते मला कळलंच होतं. मी मनात परीक्षा सोडून दिली होती, खरं सांगते. फक्त तोंडानं म्हणायचं राहिलं होतं.

तेव्हा अण्णा कुशीवरून वळले.

"इकडं आण तो दोरा."

"कशाला?" आई म्हणाली.

"गावाकडं अंबाडीचं चऱ्हाट वळताना कशात धरत होतो मी? खिळ्यात?" त्यांनी पाठीमागं उशा घ्यायला लावल्या, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकला आणि अंगठा पुढे केला. "चिंधी गुंडाळ. अडकव इथं."

मी अंगठ्याला चिंधी गुंडाळली, फास अडकवला, बोटानं पाणी लावलं. त्यांनी ओढलं. हमालाचे हात. गाठ माझ्या गाठीहून घट्ट बसली.

आई म्हणाली, "अवं, वर्षभर झोपला होता काय हा अंगठा?"

"वर्षभर मला कुणी विचारलं?" अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "उद्या किती वाजता हाय तुझं?"

"साडेआठला पोचायचंय."

"मंग पुस्तक घे. हितं उभी राहून काय मोजती?"

मी पाचव्या दिवशी गेले, सहाव्याही दिवशी गेले. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्ल बोटांच्या चिरांत शिरलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हातांना काय झालं?" मी म्हटलं, "सर, गळ बांधते." त्यांना कळलं नसावं. त्यांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला, आणि तो मला येत होता.

आठव्या दिवशी पोतं काकूंच्या दारात गेलं. त्यानंतर एकही सेट परत आला नाही. पण काम सुटलं असं समजू नका. लेखी परीक्षेच्या प्रत्येक पेपरनंतर मी घरी येऊन खिळ्यापाशीच उभी राहत होते. शेवटचा पेपर झाल्यावरही तिथंच. निकाल लागला तेव्हाही मी तिथंच होते, मोबाइल गजात खोचलेला. माझा एक हात ओला होता, दुसऱ्यात दोरा, म्हणून आईनं पान सरकवलं. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "हे काय लिवलंय?"

मी बी.एस्सी. पास झाले होते, दुसऱ्या श्रेणीत. वडिलांच्या आणि आईच्या, दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली.