मावशीला ‘ते’ झालं

माझी मावशी पडदे शिवते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात जगजाहीर. ती ध्यानमंडळात जायला लागली तेव्हा काका म्हणाले, चला, रविवारचा एक तास तरी शांततेचा. मंडळाचा नियम कडक होता: आपल्याला काय अनुभव आला ते कुणी कुणाला सांगायचं नाही. मावशीने तो वर्षानुवर्षं पाळला, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

मग एका दुपारी घडलं. ती दुकानात निळं कापड कापत होती आणि कापता कापता ‘मी’ म्हणून जी बाई आत सतत कुरकुरत असते, ती उठून चालती झाली. कात्री चालत होती, बाहेर टेम्पो मागे येत होता, सगळं जागच्या जागी होतं; फक्त कापणारी नव्हती. मावशीला हसू फुटलं ते आवरेना. त्या नादात गिऱ्हाइकाचा डावा पडदा वीतभर आखूड झाला. काका आतून धावत आले. तिने त्यांना सांगितलं, अहो, मी नाहीच आहे. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, मग हे पिणार कोण? दोघंही कापडाच्या ढिगावर बसून पोट धरधरून हसले.

रविवारपर्यंत तिने कसाबसा दम धरला. ध्यान संपलं, चहा फिरला आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चिटणीसांना ठसका लागला. मंडळ चालवणाऱ्या बाई, मूळच्या मुख्याध्यापिका, हळूच म्हणाल्या, “हे बोलायचं नसतं. बोललं की अहंकार वाढतो.”

“माझ्या मूळव्याधीबद्दल मी इथे महिनाभर बोलत होते, बाई. तेव्हा कुणी अडवलं नाही.”

आधी मंडळातले एक औषधांचे दुकानदार हसले. मग त्यांनी कबूल केलं की दात घासताना त्यांचंही असंच झालं होतं, आणि घाबरून त्यांनी डोक्याचा स्कॅन करून घेतला होता. चिटणीसांना बँकेच्या रांगेत झालं होतं. नंबर पुकारेपर्यंत टिकलं. सगळ्यांनी हसून खोली डोक्यावर घेतली. कोपऱ्यातले निवृत्त बसड्रायव्हर म्हणाले, त्यांना कधीच काही झालेलं नाही. बाकी सगळ्यांना होत असेल, आपणच दगड, असं वाटून ते गप्प बसायचे. हे बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी दुसरा कप मागितला.

बाई मात्र कप हातात धरून तशाच बसल्या होत्या.

“मला कॉलेजात असताना झालं होतं,” त्या म्हणाल्या. “धावत जाऊन गुरूंना सांगितलं. त्यांनी गप्प बसवलं. पुन्हा कधी झालं नाही. मला वाटलं, सांगितलं म्हणूनच गेलं.” मग त्यांनी मावशीला विचारलं, “तुमचं गेलं का?”

“गेलं ना. पण ते त्याच संध्याकाळी, तो पडदा उसवायला बसले तेव्हा. तोवर फक्त ह्यांनाच सांगितलं होतं.”

बाईंना असं खदखदून हसताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

नियम त्याच दिवशी सुटला. मंडळातल्या दोघांना ते रुचलं नाही. ते दुसऱ्या, गप्प मंडळात गेले. आता ध्यानानंतर ज्याला सांगायचं तो सांगतो, आणि कुणी फार चढायला लागलं तर त्याला खाली बसवायचं काम ड्रायव्हरकाकांकडे आहे. त्यांना अजूनही काही झालेलं नाही, आणि ते बाईंच्या शेजारच्या खुर्चीत ऐटीत बसतात.