दादानं थुंकलेला घास

पांढुर्ण्याहून वहिनीचा फोन आला, "ताई, हे गेले हो... शिरा खाता खाता." माझा थोरला भाऊ गेला हे कळायच्या आधी मी वेड्यासारखं विचारलं, "शिरा?" कारण सौसरला, माझ्या घरी, भाऊबीजेला त्यानं शिराच थुंकला होता. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलले नव्हते.

दादा संत्र्याचे बगीचे चाखायचा. मोहगाव, लोधीखेड्याचे लोक तोडीआधी त्याला बोलवायचे. एक फोड जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अजून आठ दिवस राहू दे." त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गेल्या हंगामात तो फोड थुंकायला लागला. चाखणाऱ्यानं फोड थुंकली म्हणजे बगीचा नापास, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. लोक म्हणाले, हा व्यापाऱ्यांना फितूर झाला. बोलावणी थांबली. त्यानं खुलासा केला नाही, बोललं तरी कळ यायची म्हणे.

भाऊबीजेला ओवाळून मी घास भरवला. त्यानं उजवा कान गच्च धरला आणि घास ताटात थुंकला. माझ्या सासूसमोर! माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "एवढी किळस येते त येत नको जाऊ माझ्या घरी," मी म्हणाले. "बाई, मी मुद्दाम नाही करून राहिलो..." पुढचं मी ऐकलंच नाही.

घशात आणि जिभेच्या मुळाशी जाणारी एक नस असते. दादाची ती नस एक रक्तवाहिनी दाबत होती. गिळलं की घशापासून कानापर्यंत सुरी फिरायची, कधी त्या कळेसरशी हृदयाचे ठोकेच अडायचे. आधी दातदुखी समजून दोन चांगल्या दाढा काढल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी ओळखलं तोवर तो थुंकी गिळायलाही भीत होता. तो गेला तेव्हा ऑपरेशन आठ दिवसांवर होतं. हे सगळं मला तेराव्याला कळलं.

"मी म्हटलं, ताईले फोन करतो," वहिनी सांगत होती. "त म्हणे, नको. एक घास गिळता आला की मीच जातो तिच्याकडं, तिच्याच हातचा खातो. रोज सकाळी चमचाभर शिरा करायला लावत. कान धरून गिळून पाहत..."

आठ दिवस, दादा. आठ दिवस थांबायला काय झालं होतं रे? आणि मला एक फोन करायला?

त्याचा शेवटचा शिरा ज्यात होता ती वाटी मी वहिनीकडून मागून आणली. कडेला शिरा वाळून चिकटलाय. सासूबाई म्हणतात, घासून टाक आता. हात लावते आणि परत ठेवते... होत नाही माझ्यानं.