भोंगाबाईने होडी बोलीवर चढवली

बंदरावर माझ्या आत्याला भोंगाबाई म्हणतात आणि तिला ते आवडतं. मासळीच्या लिलावात बोली पुकारते ती. "बोलाबोलाबोला! ए लांबट्या, हात वर केलास की नाक खाजवलंस?" मग "एक वाऽर, दोन वाऽर", आणि "तीन वार!" म्हणत टेबलावर हातोडी. घरी मी तिची नक्कल केली की आतोबा दचकून जेवणाच्या पानावरून उठतात.

लिलावाचा एक नियम आत्याच्याही आधीपासूनचा. माल बोलीवर चढला की तीन वार होईपर्यंत मालकाने जागचं हलायचं नाही. हलला तर शेवटची बोली त्याला मान्य. पूर्वी भाव पडायला लागला की मालक 'लघवीला जाऊन येतो' म्हणून जे जायचे, ते दुसऱ्या दिवशीच उगवायचे.

त्या सकाळी बंदर कचेरीतला बिनतारीवाला धावत आला. हा माणूस बारा महिने सर्दी झाल्यासारखा बोलतो. "दूर सबुद्रात भूकंप झालाय. पाणी आधी बागे जाईल, बग येईल. सगळे वर चला!" एरवी आम्ही हसलो असतो. पण खाडीतलं पाणी खरंच निघालं होतं, मोरीचं बूच काढल्यासारखं. होड्या चिखलात कलंडल्या. आत्याने एकच आरोळी ठोकली आणि सगळा बाजार टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचला.

पहिली लाट आली ती चित्रातल्यासारखी फणा काढून नव्हे. दूध उतू जावं तसं पाणी नुसतं वर वर येत राहिलं. लिलावाच्या शेडमध्ये गुडघाभर शिरलं, टोपल्या घेतल्या आणि परत फिरलं.

"हीच होय ती त्सुनामी?" बर्फवाला म्हणाला. "एवढ्यासाठी माझे गुडघे झिजवले?"

आतोबांची निळी होडी अजून दोराला होती. ते उठले. "दोर तुटायला आलाय. दुसरा बांधतो आणि हा आलो."

"दुसरी लाट बोठी असू शकते," बिनतारीवाला म्हणाला. "खोल पाण्यात ती कळतही नाही. उथळात आली की पुढचं पाणी बंदावतं आणि बागचं त्याच्यावर चढतं."

"शाळा नंतर घे रे!" आतोबा म्हणाले.

आत्याने त्यांची बाही धरली. "अहो, ऐका माझं."

"तुझं सगळं बंदर ऐकतं. एक दिवस मी नाही ऐकलं तर काय बिघडलं?" बाही सोडवून ते टेकडीच्या पायऱ्या उतरायला लागले. अर्ध्यावर पोचले असतील, तेवढ्यात आत्या टाकीच्या कठड्यावर चढली.

"होडी! निळी होडी, इंजिनासकट! बोला!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग बर्फवाल्याचा हात वर गेला. त्या होडीवर त्याचा जुना डोळा. "जुन्या जाळ्याच्या भावाने घेतो."

आतोबा गर्रकन वळले. "अगं, डोकं फिरलं का तुझं?"

"मालक हजर आहेत. मालकांनी हलू नये. एक वाऽर!"

लोक खो खो हसले. आतोबा मात्र तिथेच खिळले, एक पाय खालच्या पायरीवर. उभ्या जन्मात त्यांनी तो नियम मोडला नव्हता. "तीन वार म्हणून टाक आणि मोकळं कर मला!"

"घाई नाही. बर्फवाले, इंजिन खोकतं, पण सुरात खोकतं. फळ्या बघा. दोन वाऽऽर..."

तो 'वाऽऽर' नेहमीसारखा नव्हता. आत्या शब्दाच्या मधे कधी श्वास घेत नाही. आता घेत होती.

खाली समुद्र पुन्हा मागे सरकला, पहिल्यापेक्षा लांब. कुणी कधी न पाहिलेले काळे खडक उघडे पडले. हसणं बंद झालं.

"होडी गेली तर गेली," आतोबा पुटपुटले आणि एक पायरी उतरले.

"अहो!" हे ती पुकारत नव्हती. हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता आणि मला तो अजून जमत नाही.

ते थांबले. वळून तिच्याकडे बघितलं.

तेवढ्यात दूर समुद्रावरची रेघ जाड झाली. उथळ पट्ट्यावर येताच ती मंदावली आणि उंच उभी राहिली. मागून पाणी चढतच होतं. आतोबा पळत सुटले, वर. दोर तटकन तुटला. होडी शेडच्या पत्र्यावरून आडवी गेली आणि पाणी ते उभे होते त्या पायरीच्याही वर चढलं. ते कठड्यापाशी पोचले तेव्हा चप्पल नव्हती आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"अजून येतील," बिनतारीवाला म्हणाला. कुणीही हललं नाही.

आत्या कठड्यावरच खाली बसली.

"त्या बर्फवाल्याला सांग, हात खाली घे म्हणावं," आतोबा धापा टाकत म्हणाले. मग कठड्याला हात टेकला. "सरक जरा."

ती सरकली.