लोसालीनची तिवरं

नवरा गेल्यापासून लोसालीनने नऊ वर्षं टोंगा बेटांवरच्या आपल्या गावच्या किनाऱ्यावर तिवरं लावली. गुडघाभर चिखल, डासांचे चावे, वर गावाची टवाळी. "म्हातारी खेकड्यांना सावली करतेय," लोक म्हणायचे. दोन वादळांत समुद्राचं पाणी त्या तिवरांपाशीच अडलं, तेव्हा सगळ्यांची तोंडं शिवली. आभार मात्र एकानेही मानले नाहीत.

ऑगस्टात बेटोबेटीचे पाद्री गावात येणार होते, वाढत्या समुद्रासाठी प्रार्थना करायला. प्रार्थना म्हटली की जेवण आलं, आणि जेवण म्हटलं की डुकरं आणि उमू, म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी. प्रार्थनेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लोसालीन लेकीकडे गेली होती. अंधारून येता येता परतली तर किनाऱ्याला भगदाड. निम्मी तिवरं तोडलेली, कोवळी रोपं पायांखाली येऊन उपटलेली, आणि भरती चढत होती. तिचा धाकटा दीर सेमिसी, चर्चचा कारभारी, आणखी सतरा जणांना घेऊन लाकडाच्या मोळ्या बांधत होता.

"कुणाला विचारून तोडलंत, भावजी?"

"देवाच्या कामाला विचारायचं कसलं, वहिनी? तिवराचा निखारा मस्त टिकतो. लावा की परत! तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?"

तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

रविवारी चर्चमध्ये एका पाहुण्या पाद्र्याने हुंदके देत सांगितलं की समुद्र वर येतोय ते आपल्याच हावेचं फळ आहे. सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणाला तो सेमिसी. वरून कीर्तन, आतून तमाशा! खिडकीतून भट्टीचा वास आत येत होता. मग पाद्र्याने तिवरं लावणारी बाई म्हणून लोसालीनला उभं केलं आणि टाळ्या झाल्या.

जेवणाला तिने हात लावला नाही. रात्रीच्या भरतीने बरीच रोपं नेली होती. उरलेली रोपं उघड्या मुळांनी उन्हात पडली होती. पुढच्या भरतीत तीही गेली असती. रविवारी काम करणं म्हणजे टोंगात पाप, आणि कायद्याने गुन्हाही. जन्मात तिने रविवारी सुईत दोरा ओवला नव्हता. तिने चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सोडून घडी घालून ठेवली आणि ओहोटीच्या चिखलात उतरली.

"वहिनी, आज रविवार! पाहुणे बघतायत!" सेमिसी जेवणाच्या मांडवातून ओरडला.

"बघू देत. डुकरं भाजायला रविवार चालतो, मग रोपांनी काय घोडं मारलंय?"

"स्वयंपाकाला परवानगी आहे."

"असणारच! तुमच्या पोटाला कधी मनाई झालीय?"

मांडवातलं कुणी खाली उतरलं नाही. हाडं चघळत बघत बसले. अंधार पडेपर्यंत तिची एकसष्ट रोपं लावून झाली.

पुढच्या रविवारी गावच्या पाद्र्याने सगळ्यांसमोर कागदावरून तिचं नाव वाचलं. प्रभूचा दिवस मोडला म्हणून लोसालीनने तीन महिने चर्चच्या गायनवृंदात उभं राहायचं नाही. तीस वर्षं ती तिथे गात होती. तिवरं तोडणाऱ्या अठरा जणांपैकी कुणाचंच नाव त्या कागदावर नव्हतं. त्यांनी ती शनिवारी तोडली होती.