मिरची बाजारातली उत्तरेची खोली

माझ्या मेहुण्याचे कपडे आमच्या घरी वेगळे धुतले जाऊ लागले, ते होळीच्या सुमारास. आधी बायकोच ते वेगळ्या बादलीत धुवायची. एका सकाळी मात्र ती मोरीतून ओला सदरा घेऊन बाहेर आली, माझ्यासमोरच्या बादलीत तो टाकला आणि म्हणाली, "हाऊ सदरा आते तुम्हीच धोवा. मन्हा हात भडकी ऱ्हायनात."

मी बादलीत हात घातला. पाणी तांबूस झालं होतं. थोड्याच वेळात माझीही बोटं चुरचुरायला लागली. रंगाचं असेल, असं मी म्हणालो.

"रंग कव्हय चुरचुरस का? मन्हा भाऊ तठे चित्र काढाले बठना का मिरच्या कुटाले?"

मी हसलो. ती हसली नाही. मला शाळेत जायचं होतं, मी हात पुसले आणि निघालो. खरं म्हणजे त्याच सकाळी मला सगळं कळलं होतं. पण कळलं नाही असं दाखवणं मला पुढे बरेच दिवस जमलं.

तेव्हा मी नंदुरबारच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार काळ झाला नव्हता आणि आमचा जिल्हा अजून धुळेच होता. गावाच्या मधोमध जुना मिरची बाजार उभा होता. दगडी कमानी, सागाचे खांब, वर कौलं, आत दोन्ही अंगांना कंबरेइतके उंच ओटे. तो किती जुना होता हे कोणालाच नीट सांगता येत नसे. पिढ्यान् पिढ्या तिथे मिरचीचे ढीग पडत आले होते आणि ओट्यांवर ओळीने बसून बायका मिरचीचे देठ खुडत आल्या होत्या. मग ट्रक आले, ते काही कमानीतून आत जाईनात. बाजार स्टेशनाकडच्या मोकळ्या मैदानात गेला. देठ खुडणाऱ्या बायाही तिकडे गेल्या, उन्हात. जुन्या इमारतीत शेळ्या बसू लागल्या.

मी मुंबईला चित्रकलेच्या परीक्षेसाठी राहिलो होतो, तेव्हा तिथल्या चित्रकारांच्या खोल्या पाहिल्या होत्या. उंच छत, उत्तरेकडे मोठी खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड. त्या खोल्या माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. या बाजारात पडद्या घालून तशा खोल्या काढाव्यात आणि आपल्या भागातल्या कलाकारांना द्याव्यात, या कल्पनेने मला पछाडलं. इमारत व्यापाऱ्यांच्या पंचांकडे होती. मी त्यांच्या पेढ्यांवर इतक्या खेपा घातल्या, की मी येताना दिसलो की दिवाणजी परस्पर सांगत, शेठजी बाहेरगावी गेलेत.

पंचांचे मुख्य शेठजी मनाने वाईट नव्हते. कापूस भरायला त्यांना गोदाम हवं होतं, तरी त्यांनी माझं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मास्तर, घ्या तुमच्या खोल्या. पण त्यातली एक जरी रिकामी दिसली, तर मी सरळ कापूस भरीन. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

काम सुरू झालं. ओट्यांच्या मध्ये विटांच्या पडद्या उभ्या राहिल्या. मागच्या जाड भिंतीला उत्तरेकडून खिडक्या पाडायला गवंड्याला घाम गाळावा लागला. प्रत्येक दगड निघाला की आतून तांबडी भुकटी गळायची आणि गवंडी शिंकत शिंकत मला शिव्या द्यायचा. आम्ही फरशा धुतल्या, पुन्हा धुतल्या, चुना दिला. पावसाळा लागला आणि सगळं शांत झालं. ओल्या चुन्याचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. मला वाटलं, झालं.

खोल्या तयार झाल्या, पण कलाकार कुठून आणायचे याचा विचार मी केलेला नव्हता. गणपती घडवणारा एकजण आला, त्याला माती ठेवायला जागा हवी होती. पाट्या रंगवणाऱ्याकडे गेलो तर तो शिडीवरूनच हसायला लागला.

"मास्तर, मी कसाना कलाकार? मी त दुकानवर 'उधार बंद शे' लिखस."

"तेच तिथे बसून लिही."

"आनि उधार मांगनारा तठे उनात त?"

तोही आला. आणखी एकदोघे जमले. एक खोली राहिली, कोपऱ्यातली, सगळ्यांत जास्त उजेडाची. ती मी मनात आधीपासून माझ्या मेहुण्यासाठी ठेवली होती.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव कळसाडी, घरी ऊस आणि कापूस. त्याचा हात असा होता की तसा मी जन्मभर शिकवूनही कोणात उतरवू शकलो नाही. पण तो सुरतेला साड्यांच्या कारखान्यात नक्ष्या काढायचा. चौकडीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून मागावर वेल उतरायची. मी गाडीने सुरतेला गेलो आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून ते काम पाहिलं.

"दिनभर चौकडीच भरस मी, जिजाजी," तो म्हणाला. "आते सपनमा भी चौकडीच दिखस."

मी त्याला बाजाराचं सांगितलं. लहानपणी तो वडिलांबरोबर मिरचीच्या गाडीवर बसून तिथे यायचा. तिथल्या ओट्यावर बसलेल्या, नाकातोंडाला पदर बांधलेल्या बायकांची त्याला भीती वाटायची, कारण त्यांचे फक्त डोळे दिसायचे. ते मला ठाऊक होतं आणि मी तेच बोललो. त्या बायांचं चित्र तुझ्याशिवाय कोण काढणार, त्याच जागेत बसून काढ. त्याने ब्रश धुतला. दसऱ्याला तो नोकरी सोडून आमच्याकडे राहायला आला.

थंडी चांगली गेली. त्याने मोठं कापड ताणलं, बायका आखल्या, लाल रंगाचे थर द्यायला सुरुवात केली. मी शाळा सुटली की तिकडे जाऊन बसायचो. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते, आणि आता ते आठवले की मला थकवा येतो.

फाल्गुनात वारं सुटलं. कौलं तापून हलू लागली आणि वाशांतून, दगडांच्या सांध्यांतून, पाडलेल्या खिडक्यांच्या कडांतून पिढ्यान् पिढ्या मुरलेलं तिखट उतरायला लागलं. डोळ्यांना दिसत नसे. खिडकी उघडली की वाऱ्याने ते खोलीभर फिरे, बंद केली की उजेड जाई. गणपतीवाल्याचं काम पावसाळ्यातलं, खोलीत माती रचून ठेवून तो तेव्हा फिरकतही नव्हता. पाटीवाला दिवसभर शिडीवर, बाकीचे एकदोघे संध्याकाळी तासभर येत. दिवसभर आत बसणारा एकटा माझा मेहुणा. त्याने नाकातोंडाला ओलं फडकं बांधायला सुरुवात केली. खोकला आधी खोलीतच राहिला, मग त्याच्याबरोबर आमच्या घरी यायला लागला.

मी पुन्हा चुना देववला. काही फरक पडला नाही. त्याच सुमारास शेठजी इमारत पाहायला आले आणि दारातच उपरणं नाकाला लावून शिंकू लागले.

"मास्तर, तुमची माणसं इथे बसतात कशी?"

"सवय होते," मी म्हणालो.

मेहुणा माझ्या मागेच उभा होता. त्याने फडकं खाली ओढलं आणि शेठजींना नमस्कार केला. शेठजी असेपर्यंत तो खोकला नाही. ते गेल्यावर मागच्या बाजूला जाऊन भिंतीला धरून खोकत राहिला. मी त्याला पाणी नेऊन दिलं. पाणी नेऊन देणं मला नेहमीच जमत असे.

बायको आता रोज बोलायला लागली. "त्याले सुरत धाडी द्या," ती म्हणायची. मी म्हणायचो, बोलतो. एकदा तिने भाकरी थापता थापता हात थांबवला आणि विचारलं, "तुमले मन्हा भाऊ जास्त का ती इमारत जास्त?"

"असं काय विचारतेस?"

"इचारस नही. सांगी ऱ्हायनू."

त्या दिवशी मी खरंच ठरवून गेलो. खोलीत पोचलो तेव्हा तो चित्रासमोर उभा होता. फडकं बांधलेलं, डोळे लाल, आणि समोर कापडावरच्या त्या बायका, त्यांचेही फक्त डोळे. मी तोंड उघडणार इतक्यात तोच म्हणाला, "दखा जिजाजी, मी आते यासनामाच बठी गऊ."

त्याने गंमत केली होती. मला हसू आलं, आणि जे बोलायला गेलो होतो ते राहिलं. मी विचारलं, चित्र कधी पुरं होईल?

"करूत ना," तो म्हणाला.

ही खोली त्याने सोडली असती, तर शेठजींनी कापूस भरला असता; त्यांची ती अट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. पण त्याचसाठी मी थांबलो आहे, हे मी त्या काळात कोणाला बोलून दाखवलं नाही, स्वतःलाही नाही. मी मनाशी वेगळंच म्हणत होतो. त्याने माझ्या शब्दाखातर नोकरी सोडली आहे, आता जा म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलं, की ते खरंही वाटायला लागलं.

पावसाळ्यात तो बरा झाला आणि आम्ही सगळे विसरल्यासारखे वागलो. पुढच्या फाल्गुनात खोकला पुन्हा आला आणि या वेळी त्याला धाप लागू लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, हा काम कुठे करतो? मी सांगितलं. ते म्हणाले, आजच्या आज तिथून काढा.

तरी मी आणखी काही दिवस घालवले. एका संध्याकाळी तो बाजारातून परत आला आणि त्याला आमच्या ओट्याच्या पायऱ्या चढवेनात. खालच्या पायरीवरच बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. बायको दारात उभी होती, तिच्या हातात सूप तसंच होतं. श्वास जागेवर आल्यावर तो मला म्हणाला, "जिजाजी, एक सांगू का? राग नका मानू. माले पहिल्याच फागुनमा जावानं व्हतं."

"मग गेला का नाहीस?"

"तुमना जीव त्या इमारतमा शे. मी गऊ असतू त तुमनी इमारत गयी असती. म्हनीसन बठनू."

मी म्हणालो की मला वाटत होतं, त्याला जा म्हटलं तर त्याला वाईट वाटेल. त्याने मान डोलावली. त्याचा माझ्यावर विश्वास बसला असावा, आणि तेच मला सहन झालं नाही. मी लगेच म्हणालो, "खोटं आहे. मला इमारत जाऊ द्यायची नव्हती."

बायकोने सूप भिंतीला टेकवलं. "दोन्ही मोठा शाना," ती म्हणाली. "किल्ली कोठे शे?"

त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिने ती माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी पेढीवर गेलो. शेठजींनी किल्ली पाहिली आणि विचारलं, कलाकार गेले का? मी म्हणालो, माझ्याच घरचा एक होता, तो आजारी पडला, मी पाडला. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. पाटीवाला आपले डबे घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, घरी बसूनही 'उधार बंद' लिहिता येतं, मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या आठवड्यात कापूस आला. मला दुःख व्हायला हवं होतं, पण झालं असं की मी त्या दुपारी घरी येऊन झोपलो आणि संध्याकाळपर्यंत उठलोच नाही.

मेहुणा कळसाडीला गेला. भावाबरोबर शेत पाहतो. खोकला कमी आहे, पण फाल्गुनात उठतोच. त्या महिन्यात तो नंदुरबारला येत नाही. येतो तो पावसाळ्यात. ते चित्र आमच्या पुढच्या खोलीत मी भिंतीला लावलं होतं. कडेच्या एका बाईचे डोळे काढायचे राहिले आहेत. लाल रंग जवळून पाहिला तर खरखरीत आहे, ओला असताना त्यावर बसलेलं सगळं त्यात अडकलं आहे.

तो आला की चित्राकडे पाठ करून बसायचा. मी चहा ओतायचो आणि दर वर्षी, कितीही ठरवलं तरी, तोंडून निघायचंच: ते पुरं करतोस का? रंग मी आणून देतो. बायको आतून भांडं जोरात ठेवायची. आणि तो त्याच आवाजात म्हणायचा, "करूत ना, जिजाजी." शेठजींना नमस्कार करताना फडकं खाली ओढणाऱ्या माणसाचा तो आवाज मला ओळखू यायला फार वर्षं लागली.

या पावसाळ्यात तो यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर चढलो आणि चित्र उतरवलं. ते वजनाला जड होतं. बायकोने दुसरं टोक धरलं. आम्ही ते आतल्या खोलीत कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. चपला काढता काढता त्याने भिंतीकडे पाहिलं, तिथे एक चौकोन पांढरा राहिला होता. या वेळी तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी चहा ओतला आणि उसाचं कसं आहे ते विचारलं. तो बराच वेळ उसाबद्दल बोलत राहिला.